बॅटरी मागे नेली आणि ॲक्सिलरेटरची केबल जळली

ऐरोलीचा_सेव्हन

नमस्कार मंडळी. प्रश्न बॅटरीचा आहे, पण आधी गाडी कुठली ते सांगतो, नाहीतर पहिल्याच उत्तरात 'सर्व्हिस सेंटरला दाखवा' येईल. ही गाडी कुठल्याच सर्व्हिस सेंटरची नाही. रबाळे एमआयडीसीत माझ्या मावसभावाचा प्रेसकामाचा गाळा आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात सहा वर्षं, जमेल त्या रविवारी, मी ती बनवतोय. लोटस सेव्हनची नक्कल. मूळ गाडी कॉलिन चॅपमनने १९५७ साली आणली, १९७३ पासून तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे आहेत. आम्ही एक इंची चौकोनी, १६ गेजच्या पाइपांचा सांगाडा वेल्ड केला, त्याला काळं पावडर कोटिंग करून घेतलं आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला. इंजिन आणि गिअरबॉक्स भंगारात निघालेल्या जिप्सीचे, १.३ लिटर, १६ व्हॉल्व्ह. जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे तो केस काढून टाकला आणि प्रॉपेलर शाफ्ट थेट मागच्या एक्सलला जोडला. पासिंग मिळणार नाही हे मला माहीत आहे. गाडी गाळ्याच्या आवारात फिरते, फार तर टेम्पोत चढते. त्यावर उपदेश नको, तो घरी रोज मिळतो.

बॅटरी मी सेव्हनमध्ये असते तिथेच ठेवली होती. बोनेटच्या मागच्या टोकाला, फायरवॉलपुढच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यापुढच्या) फळीवर, गिअरबॉक्सच्या डोक्यावर. ३५ अँपिअर-अवरची, मारुतीच्या छोट्या गाड्यांत येते ती. त्रास दोन. मी बनवलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पाइप तिच्यापासून जेमतेम वीतभर अंतरावरून जातात. मे महिन्यात बॅटरीची एक बाजू फुगली, हात फिरवला तरी कळेल इतकी. ती जूनमध्ये बदलली. दुसरा त्रास असा की ब्रेक ऑइलची बाटली बॅटरीच्या मागे दडली आहे, टोपण उघडायचं तर आधी बॅटरी काढा. गडबडीत न काढता हात घातला आणि मनगटाला चटका बसला, डाग अजून आहे.

म्हणून ठरवलं, बॅटरी मागे न्यायची. डाव्या सीटच्या पाठीमागे, म्हणजे मी उजवीकडे आणि ती डावीकडे.

पक्कं काम करण्याआधी गेल्या रविवारी तात्पुरतं लावून बघितलं. जंपर केबलचे दोन संच आणले. दोन लाल केबली एकीला एक जोडून सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरपर्यंत, नेल्या. काळी एकच लावली. म्हटलं, सगळा सांगाडा लोखंडाचा, तेवढी लांब कशाला न्यायची, आणि सीटबेल्टच्या बोल्टला चिमटा मारला. चावी फिरवली. कट्. परत फिरवली. कट् कट्. तिसऱ्यांदा इंजिन अर्धा फेरा फिरलं, अडलं, आणि जळका वास आला. मला वाटलं जंपर केबल गेली. हात लावून बघतो तर ती कोमट. धूर येत होता पेडलच्या वरून. ॲक्सिलरेटरच्या केबलचं काळं आवरण फायरवॉलपाशी वितळून पत्र्याला चिकटलं होतं, आतली तार निळी पडली होती. ॲक्सिलरेटरच्या केबलचा विजेशी संबंध काय?

जवळच्या एका बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याच्याच मीटरवर १२.५ व्होल्ट दिसत होते, तरी 'सेल बसलाय, बाद आहे' म्हणाला आणि नवीन बॅटरी गळ्यात मारली. नवीनवर पण कट्. म्हणजे आता माझ्याकडे दोन चांगल्या बॅटऱ्या आणि एक जळकी केबल आहे.

तर हे असं का झालं? आणि पक्की केबल किती जाडीची घेऊ? ठाण्यात किंवा नवी मुंबईत मीटरवर कुठे मिळेल? फायरवॉलला भोक पाडण्याआधी आणखी काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा.

कळवा_वायरमन

काका, बॅटरी बाद नव्हती आणि सेल्फही बाद नाही. एकच सांगा. बॅटरी पुढे होती तेव्हा तिची काळी वायर कुठे बांधली होती?

ऐरोलीचा_सेव्हन

गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगच्या (इंजिनला जोडणाऱ्या पुढच्या कवचाच्या) बोल्टला. तिथून पुढे एक बारीक काळी वायर चेसिसला आहे, दिवे आणि हॉर्नसाठी. अंदाजे ४ स्क्वेअर एमएम.

कळवा_वायरमन

मग झालं तर. सापडलं.

सेल्फला लाल वायरीतून करंट येतो, पण परत जायला वेगळी वायर नसते. तो सेल्फच्या बॉडीतून इंजिनात, इंजिनातून बॅटरीच्या काळ्या टोकाकडे जातो. आधी काळी वायर गिअरबॉक्सलाच होती, रस्ता मोकळा होता. आता तुम्ही काळी लावली चेसिसला. पण तुमचं इंजिन चेसिसवर बसलंय कशावर? रबरी माउंटिंगवर. वर पावडर कोटिंग. म्हणजे इंजिन आणि चेसिस यांच्यात धातूचा धातूला स्पर्शच नाही. उरली ती बारीक वायर आणि दुसरी तुमची ॲक्सिलरेटर केबल, जिचं एक टोक इंजिनवरच्या थ्रॉटलला आणि दुसरं चेसिसवरच्या पेडलला. सेल्फला १००-१५० अँपिअर लागतात. तुंबलेलं पाणी जसं फट शोधतं तसं ते जिथून वाट मिळाली तिथून निघालं. केबल वितळली ते बरं झालं, निदान कळलं तरी. हाच करंट गिअरबॉक्सच्या आणि शाफ्टच्या बेअरिंगमधून गेला की बेअरिंगच्या गोट्यांवर ठिणगीचे खड्डे पडतात, आणि ते वर्षभराने आवाज करायला लागल्यावर कळतं.

मी २२ वर्षं हेच काम करतोय. टेम्पोंमध्ये गिअरबॉक्स उतरवून परत चढवताना पोरं अर्थिंगची पट्टी लावायला विसरतात, मग कधी चोकची तार लाल होते, कधी स्पीडोमीटरची केबल आखडते. एका माणसाने त्यापायी तीन सेल्फ बदलले होते.

उपाय शंभर-दीडशे रुपयांचा आहे. तांब्याच्या जाळीची जाड पट्टी घ्या, एक टोक बेल हाउसिंगच्या त्याच जुन्या बोल्टला, दुसरं चेसिसला. थोडी ढिली ठेवा, इंजिन हलतं तेव्हा ताण बसायला नको. चेसिसवर जिथे लावाल तिथलं पावडर कोटिंग रुपयाच्या नाण्याएवढं घासून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. बोल्टखाली दातेरी वॉशर घाला. सगळं आवळून झालं की वरून पेट्रोलियम जेली फासा. आधी नाही, नंतर. आपल्याकडे खाडीची हवा आहे, उघडं लोखंड एका पावसाळ्यात तांबडं होतं. मागे बॅटरीपाशी पण असंच. सीटबेल्टचा बोल्ट सोडा, तो बेल्टसाठीच राहू द्या.

मीटरवाली_महापे

वायरमनदादांचं निदान बरोबर आहे. मी महापेला पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत आहे, केबलचा हिशोब माझ्याकडून घ्या.

१ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण १७ मिलिओहम रोध असतो. बॅटरी ते सेल्फ किती अंतर आहे ते तुम्ही लिहिलं नाही, मी वळणं धरून ३.४ मीटर घेते. १५० अँपिअरला १६ स्क्वेअरच्या केबलमध्ये जवळपास ०.५५ व्होल्ट जातील, २५ स्क्वेअरमध्ये ०.३५, ३५ स्क्वेअरमध्ये ०.२५. सेल्फच्या लाल बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत राहायचं असतं. १६ ची केबल नवीन असतानाच ती रेष ओलांडते, ३५ ची टनेलमध्ये (दोन सीटांमधल्या, शाफ्टवरच्या बोगद्यात) वळवताना बोटं दुखतील. २५ घ्या.

तुमच्या जंपर केबलची पण एक गंमत सांगते. स्वस्तातल्या जंपर केबलमध्ये जाड असतं ते रबर. आत बऱ्याचदा ६ स्क्वेअरसुद्धा नसतं. दोन जोडून पाच मीटर झाल्या म्हणजे लाल बाजूलाच दोन व्होल्ट गेले. अर्थिंग चांगलं असतं तरी इंजिन रडतच फिरलं असतं.

आता खरेदी. घरगुती वायर नको, वेल्डिंग केबल घ्या. बारीक तारांची असते, वळते, आणि वरचं रबर उष्णता आणि तेल सोसतं. दुकानात 'एचओएफआर (म्हणजे उष्णता, तेल आणि आग सोसणारी), तांब्याची' असं स्पष्ट मागा, कारण वेल्डिंग केबल ॲल्युमिनियममध्येही मिळते आणि न बोलता तीच हातात पडते. दोन्हींच्या तारा पांढऱ्या दिसू शकतात, कारण तांब्यावर कधी कधी कथिलाचा मुलामा असतो. ब्लेडने खरवडून बघा, खाली लाल दिसलं पाहिजे. उचलूनही कळतं, ॲल्युमिनियम तिपटीने हलकं असतं. वेळ काढू शकत असाल तर लोहार चाळीत जा, तिथे कापून मीटरवर देतात.

थिंबल (केबलच्या टोकाला बसवायची, बोल्टला लावायची कडी) २५ स्क्वेअरचंच, कथिल चढवलेलं तांब्याचं. हातोडीने ठोकून बसवू नका आणि नुसतं झाळूनही चालवू नका. हायड्रॉलिक क्रिम्पिंग, म्हणजे मशीनने दाबून, करून घ्या, तुमच्या एमआयडीसीत कुठल्याही पॅनेलवाल्याकडे मशीन असेल.

मी आधी लिहिणार होते की काळी केबल पण मागून पुढपर्यंत वेगळी ओढा. मग हिशोब केला. लोखंडाचा रोध तांब्याच्या आठ-नऊ पट. पण तुमच्या एक इंची, १६ गेजच्या पाइपचा धातूचा छेद जवळजवळ १५० स्क्वेअर एमएम आहे. म्हणजे एकेक पाइप तांब्याच्या १७ स्क्वेअरच्या केबलसारखा, आणि लांबीने तसे चार तरी जात असतील, सगळे वेल्ड केलेले. तेव्हा परतीला चेसिस पुरेसा आहे. शब्द मागे घेते.

खवचट_घोडबंदर

एक विचारू का? बॅटरी हलवायची कशाला?

वजनासाठी असेल तर गणित करा. बॅटरी ९ किलो. दोन मीटर मागे सरकली. सेव्हनचा व्हीलबेस सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे पुढच्या चाकांवरून मागच्यांवर गेले ८ किलो. गाडी समजा ५७० किलोची, तर दीड टक्कासुद्धा नाही. तेवढा फरक काकांनी पेडलवर ब्रेक मारताना पोट आत घेतलं तरी पडेल. त्यात ती मागच्या एक्सलच्याही मागे गेली, तर वळणावर शेपटी हलवायला आणखी एक धोंडा.

उष्णतेसाठी असेल तर ते मान्य. बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं हा जुना ठोकताळा आहे. पण मग मॅनिफोल्ड आणि बॅटरीमध्ये पत्र्याचा एक आडोसा लावा, मधे बोटभर हवेची फट ठेवा, विषय संपला. तीन मीटर जिवंत लाल केबल माणसाच्या मांडीशेजारून न्यायची हौस कशाला?

ऐरोलीचा_सेव्हन

वायरमनदादा, मीटरवाली ताई, मनापासून आभार. ती बारीक वायर बघितली, तिचंही आवरण मऊ झालंय.

खवचटराव, पोटाचा उल्लेख वाचून मावसभाऊ दहा मिनिटं हसत होता. वजनाचं पटलं, तो मुद्दा सोडून दिला. पण आडोसा लावला तरी ब्रेक ऑइलची बाटली आडच राहते. ब्रेक ऑइल बघायला बॅटरी काढावी लागत असेल तर मी ते बघणार नाही, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. त्यामुळे मागेच. एक्सलच्या मागे नाही, पुढे, सीटच्या पाठीला लागून. बाकी त्या जिवंत लाल केबलची भीती मलाही वाटते, तिचं काय करू ते सांगा.

कळवा_वायरमन

खवचट बोलतात ते केबलच्या बाबतीत खरं आहे. लाल केबलला कुठे पत्र्याची धार लागून रबर कापलं, तर चेसिस म्हणजे अर्थ, आणि तुमच्या मांडीशेजारी वेल्डिंग मशीन सुरू झालं. बॅटरी तुमच्यासाठी थांबणार नाही.

म्हणून केबल टनेलच्या एका अंगाने न्या आणि पेट्रोलची नळी दुसऱ्या अंगाने, दोन्ही एका क्लिपमध्ये कधीच नाही. शाफ्ट उसळतो, त्याच्यापासून चार बोटं लांब. पूर्ण लांबी कोरुगेटेड पाइपात घाला, दर वीतभर अंतरावर रबर लावलेला क्लॅम्प. फायरवॉलच्या भोकाला ग्रोमेट (रबरी कडं) हवंच, आणि भोक पाडल्यावर कडा कानशीने मारा, मग ग्रोमेट. बॅटरीपासून फूटभराच्या आत २०० अँपिअरचा मेगा फ्यूज टाका. तो सेल्फच्या झटक्याला उडत नाही, पण शॉर्टला उडतो.

कटऑफ, म्हणजे बॅटरी तोडणारा स्विच, लावणार असालच. तो लाल चावीचा, दोन बोल्टवाला कटऑफ बाजारात सगळीकडे मिळतो, पण त्यात एक मेख आहे. इंजिन चालू असताना तो फिरवला तर इंजिन बंद होत नाही, अल्टरनेटर त्याला चालवत ठेवतो. शिवाय बॅटरीचा आधार सुटल्यामुळे अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि जिप्सीचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकतो. रेसच्या गाड्यांत सहा टर्मिनलवाला असतो, तो बॅटरीबरोबर इग्निशनही तोडतो आणि अल्टरनेटरचा उसळलेला करंट रेझिस्टरमधून अर्थला सोडतो. तो घ्या. किमतीने जास्त आहे, ईसीएमपेक्षा कमी.

खवचट_घोडबंदर

आणि पेटी. मेंटेनन्स-फ्री म्हणजे बॅटरीतून वायू येत नाही असं नव्हे. चार्जिंग जास्त झालं की हायड्रोजन सुटतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. तुमची गाडी उघडी आहे, पण सीटमागची पेटी झाकणाची आहे ना? झाकणाजवळून नळी काढून जमिनीच्या खाली बाहेर सोडा, एक्झॉस्टपासून लांब. बॅटरी बांधताना ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका. खाली लोखंडी पट्टी, ती चेसिसच्या पाइपाला, आणि वरून ८ एमएमचे दोन रॉड. गाडी धडकली तर ते ९ किलो बाजूला बसणाऱ्याच्या पाठीत येतील. बाजूला कोण बसतं?

ऐरोलीचा_सेव्हन

अजून कोणी बसलेलं नाही. बायको म्हणते, आधी मावसभावाला बसव.

ऐरोलीचा_सेव्हन

तीन रविवारांनंतरचा वृत्तांत.

शनिवारी लोहार चाळीत गेलो. पहिल्या दुकानात 'तांब्याची आहे साहेब, बघा' म्हणून टोक दाखवलं, पांढऱ्या तारा. खिशातून ब्लेड काढलं आणि खरवडलं, खाली पण पांढरीच. दुकानदार काही बोलला नाही, फक्त खालच्या फडताळातून दुसरा गुंडाळा काढला. त्यावर ब्लेड फिरवल्यावर केसाएवढी लाल रेघ दिसली. हातात घेतल्यावर वजनच सांगत होतं. ताई, ब्लेडचे पैसे तुमच्याकडे उधार राहिले. ४ मीटर घेतली.

क्रिम्पिंग शेजारच्या गाळ्यात झालं, चहावर भागलं. पावडर कोटिंग घासताना मात्र जीव तुटत होता. त्या रंगासाठी मी चार महिने थांबलो होतो, आणि पॉलिश पेपरचे दहा हात मारले तेव्हा कुठे लोखंड दिसलं. फायरवॉलचं भोक १६ एमएमचं पाडलं, केबल गेली, थिंबल जाईना. क्रिम्पिंग आधीच करून बसलो होतो. भोक वाढवावं लागलं, ग्रोमेट नवीन आणावं लागलं. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, पण इतकं उघड आहे की कुणी कशाला सांगेल.

इंजिन गरम असतानाचं मोजमाप, मावसभाऊ चावीवर आणि मी मीटरवर. बॅटरीच्या लाल टोकापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३६ व्होल्ट. काळ्या टोकापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत ०.१४. सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.६. पहिल्या चावीला सुरू. नवीन ॲक्सिलरेटर केबलला हात लावून बसलो होतो, थंडगार. ब्रेक ऑइलची बाटली आता समोर दिसते, दिवसातून दोनदा टोपण उघडून बघतो, उगाच.

एकच विचित्र गोष्ट. उजवा इंडिकेटर लावला की दोन्ही हेडलाइट त्याच्या तालावर लुकलुकतात. हॉर्न दाबला तर मांजराचं पिल्लू ओरडल्यासारखा आवाज येतो. बॅटरी पुढे होती तेव्हा हे नव्हतं. पुढे व्होल्टेज कमी पोचतंय का?

मीटरवाली_महापे

आकडे छान आले आहेत. सेल्फला इतकं मिळतंय तर दिव्यांना व्होल्टेज कमी पडायचं कारण नाही. अर्थ बघा.

कळवा_वायरमन

काका, ती बारीक काळी वायर, मऊ झालेली, तिचं काय केलंत?

ऐरोलीचा_सेव्हन

काढून टाकली. जाळीची पट्टी लावल्यावर तिची गरज नव्हती ना?

कळवा_वायरमन

तिची नव्हती. पण तिच्या चेसिसकडच्या टोकाला, त्याच बोल्टवर, आणखी किती वायरी होत्या?

ऐरोलीचा_सेव्हन

तीन. एकाच थिंबलमध्ये.

कळवा_वायरमन

आणि त्या आता कुठे आहेत?

ऐरोलीचा_सेव्हन

... टेप गुंडाळून ठेवल्यात.